पाहुण्यांसाठी धूर

आमच्या तुमसरकडे मुलगा राइस मिलमध्ये कामाला असेल, तर सोयरीक पाहायला येणारे पाहुणे आधी चिमणी पाहतात, मग मुलगा. गाडी सरळ घरी आणत नाहीत. मिलवरून नेतात, काच खाली करतात, मान वाकवून वर बघतात. धूर असला तर पोहे खायला येतात. नसला तर वाटेतूनच फोन करतात की अचानक घरात कोणीतरी वारलं, आता पुन्हा कधीतरी. आमची चिमणी थंड पडल्यापासून बालाघाट आणि गोंदियाकडची बरीच म्हातारी माणसं अशी वारली. त्यातली एक म्हातारी मला पुढे बाजारात पालक घेताना दिसली. मी नमस्कार केला. तिनेही केला.

मी त्या मिलचा हजेरीबाबू. फाटकाच्या आत एक टेबल, एक रजिस्टर, एक भिंतीवरचं घड्याळ, आणि मी. सकाळी बायामाणसं यायची, मी खूण करायचो, ती आत जायची. सत्तावीस वर्षं एवढंच केलं. कोणाला आत घ्यायचं हे शेठ ठरवायचे, पण आत या असं म्हणायचो मी, त्यामुळे लोकांना वाटायचं की मीच ठरवतो. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

आमची मिल उसना तांदळाची. म्हणजे धान आधी वाफेवर उकडायचं, पटांगणात वाळवायचं आणि मग भरडायचं. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरला जाळायला त्याच धानाचा भुसा. धूर निघाला म्हणजे मिल चालू, हे पोरासोरांनाही कळतं.

मिल का बंद पडली याची कारणं समोरच्या चहाच्या टपरीवर मिळतात. एक म्हणतो सरकारी धान भरडायला येणं थांबलं. दुसरा म्हणतो सगळा माल सीमेपलीकडे जातो. तिसरा युद्धाचं नाव घेतो, कुठल्या ते त्याला माहीत नसतं. शेठने कारण सांगितलं नाही. नोटीसही लावली नाही. फक्त म्हणाले, "सध्या बंद ठेवू." आमच्याकडे कोणतीही गोष्ट कायमची बंद होत नाही, सध्या बंद होते. एकामागून एक रांगेतल्या मिली सध्या बंद झाल्या. लोक सध्या घरी बसले. काही जण घरी बसायची लाज वाटते म्हणून रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, तुमसर रोड स्टेशनच्या बाकावर बसायचे, बारा वाजता डबा खायचे आणि सुटीच्या वेळेला घरी परतायचे. तिथे बाकावरच्या जागासुद्धा ज्येष्ठतेनुसार ठरल्या होत्या. तांदळाच्या गावात आम्ही सगळे रेशनचा तांदूळ खात होतो आणि हा कुठल्या मिलचा, किती जुना, कोणी नीट वाळवला नाही, यावर वाद घालत होतो.

मला शेठने चाव्या सांभाळायला ठेवलं. मी रोज टेबलाशी बसायचो आणि कोणाचीच हजेरी घ्यायचो नाही.

माझा मुलगा मिलच्या काट्यावर होता, ट्रक वजन करायचा. वय एकोणतीस. काटाही सध्या बंद. पण बायोडाट्यात हिने लिहून घेतलं होतं, 'राइस मिलमध्ये सुपरवायझर.' मी म्हटलं, हे खोटं आहे. ही म्हणाली, "खोटं कुठं हाये? मिल उघडली का तो जाणारच हाये ना?" तीन ठिकाणची माणसं चिमणी पाहून परत गेली. तिसरी तर गाडीतून उतरलीच नाहीत. केलेले पोहे आम्ही संध्याकाळी खाल्ले. मुलगा खाता खाता एवढंच म्हणाला, "आई, पुढच्या वेळी शेंगदाणे नको टाकू, गार झाल्यावर कडक होतात."

चौथं स्थळ भंडाऱ्याचं आलं. मुलीच्या वडिलांचा पितळी भांड्यांचा कारखाना, घराच्या मागेच. माणसं चांगली होती. ही रात्रंदिवस देवाला हात जोडत होती. मी मात्र देवाकडे गेलो नाही. बॉयलरच्या मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री आता ई-रिक्षा चालवतो. माझं ऐकून तो आधी खूप हसला.

"बॉयलर पेटवू म्हनता? येडे झाले का बाबूजी? ट्यूब गळून राहिली त्याची. पाण्याबगर पेटवला तर सोयरीक राहीन बाजूले, आपली तेरवी करा लागन. तुमाले वाफ पायजे का धूर?"

"धूर."

"मंग वाफेच्या भानगडीत कायले पडता? चिमणीच्या बुडाशी राख काढाची झडप असते. थे उघडाची, भुसा टाकाचा, वरून ओला बारदाना. बापा, असा धूर निघन का पाहुने इथंच कुंकू लावतीन."

"आवाज कुठून आणायचा? मिलला आवाज लागतो."

"सांगा ना, आज धान उकडनं चालू हाये. उकडाले कायचा आवाज? भरडाई दुपारून हाये म्हना."

सत्तावीस वर्षांत माझ्या डोक्यात जे आलं नसतं ते त्याने बिडी विझायच्या आत सांगितलं.

ते पुसाचे, म्हणजे पौषातल्या थंडीचे दिवस होते. पाहुणे दहाला येणार होते. पण मुलीचे मावसाजी तुमसरलाच राहतात आणि ते सकाळपासून टेहळणी करणार, अशी बातमी हिने काढली होती. म्हणून आम्ही पहाट फुटताच झडप उघडली. मिस्त्रीने भुसा पेटवला, वर भिजवलेली पोती टाकली. थोडा वेळ सगळा धूर आमच्याच तोंडावर आला. मग चिमणीने ओढ घेतली. वरच्या कबुतरांनी एकदम उड्डाण केलं. मी बाहेर येऊन बघितलं तर काळा, जाड धूर धुक्याच्या वर चढत होता. खरं सांगतो, मला आनंद झाला. क्षणभर मीही विसरलो की तो खोटा आहे. समोरच्या गल्लीतला एक म्हातारा हमाल अंगणात आला, चिमणीकडे पाहून त्याने हात जोडले आणि दात घासायला लागला.

सातच्या सुमारास मावसाजी आले. मफलर गुंडाळून टपरीवर बसले. चहा पीत होते, पण डोळे वर.

आणि तेवढ्यात ती आली, सायकलवर.

ती बपेराच्या रस्त्यावरच्या एका गावची. अठरा वर्षं आमच्या पटांगणात उसना धान वाळवायची. उन्हात पायाने धान पसरवत फिरायचं, तेच तिचं काम. तिच्या गावच्या आणखी चार बाया होत्या, त्यांना तीच घेऊन आली होती. त्या चौघी तिच्या शब्दावर यायच्या, तिच्या शब्दावर जायच्या. मिल बंद झाल्यापासून त्या गावच्या बाया हिवाळ्यात तेलंगणाकडे मिरची तोडायला जात होत्या. गाडी गावात येते, बोचकी वर टाकतात, तीन महिन्यांनी परत आणून सोडते. तेवढ्यावर वर्ष निघतं.

ती सायकलवरून उतरली. धाप लागली होती. साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला दुपट्टा.

"बाबूजी! चालू झाली का जी?"

मी टपरीकडे पाहिलं. मावसाजींचा कप तोंडाशी थांबला होता.

"हो," मी म्हणालो. "दिसत नाही का?"

"तसं नाही जी. आमची मिरचीची गाडी गावात उभी हाये. बोचके बी टाकून झाले. मी बसाले गेली त वावरातून धूर दिसला. म्हनलं, थांबा वो बायायनो, विचारून येतो. गाडीवाला आठ वाजेपावतर थांबतो म्हनला. तुमी सांगा, जाऊ का राहू? तुमी म्हनाल तसं."

तुमी म्हनाल तसं. हे ती मला नेहमी म्हणायची. सुटी मागताना, उशिरा आल्यावर. मला ते ऐकायला आवडायचं.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मावसाजी टपरीवरून उठून रस्ता ओलांडत होते. मी तिला खरं सांगितलं असतं, तर त्यांना फार तर दोन वाक्यं ऐकू आली असती, यापेक्षा जास्त काही नाही.

"राहा," मी म्हणालो. "काम आहे."

तिने तिथेच फोन लावला. ओरडूनच बोलली, गाडीचं इंजिन चालू असावं तिकडे. "उतरा वो! सगळ्या उतरा! मिल चालू झाली... नाही नाही, बाबूजी सोता सांगून राहिले ना, इथंच उभे हायेत... माहं बी बोचकं काढा... अवं बिंधास उतर, मी सांगून राहिली ना!"

मी ऐकत होतो. घड्याळही दिसत होतं. मावसाजी फाटकाशी आले, म्हणाले, "काय बाबूजी, सकाळीच गर्दी?" मी हसलो. तिला म्हणालो, "सायकल आत लाव."

साडेनऊला चौघी आल्या. डबे घेऊन, ऑटोने. फाटकाशी पाचही जणी ओळीने बसल्या. दहाला पाहुण्यांची गाडी आली. मिस्त्रीने उत्साहात पोती जास्तच भिजवली होती. धूर इतका झाला की मुलीचे वडील गाडीतून उतरून बघत राहिले.

"दोन पाळ्या चालते काय मिल?"

"तीन," मी म्हणालो. नवरदेवाचा बाप एकदा खोटं बोलायला लागला की त्याला दोनवर थांबवत नाही.

त्यांनी बायांकडे पाहिलं. "मजूर टिकून हायेत तुमच्याकडं. आमच्याकडं त कारागीर टिकत नाहीत."

"आमच्याकडून कोणी सोडून जात नाही," मी म्हणालो. तिने ते ऐकलं आणि मान डोलावली. मला मदत केली.

पोहे गरमच संपले. संध्याकाळी होकाराचा फोन आला. हिने मिस्त्रीच्या घरी पेढे पाठवले.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी बायांना सांगितलं होतं की बॉयलर गरम व्हायला दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांनी आल्या. मी सांगितलं, एक पार्ट बिघडला, नागपूरहून यायचा आहे. पार्ट खरोखरच नागपूरहून यायचे, त्यामुळे त्यांना पटलं. आणखी चार-पाच वेळा आल्या. मग फक्त ती यायची. लग्न लागेपर्यंत मला पार्टवरच राहणं भाग होतं. लग्नाआधी सत्य फुटलं असतं तर? असं मी स्वतःला सांगायचो. लग्नानंतर काय सांगत होतो ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही.

दरम्यान आम्ही मुलीकडे भंडाऱ्याला जाऊन आलो. घराच्या मागे पितळेवर हातोडे पडत होते, ठणठण, ठणठण, बोलणं ऐकू येत नव्हतं. मुलीचे वडील ओरडून म्हणाले, "लग्नसराई हाये ना, उसंत नाही!" मी ओरडून म्हणालो, "चांगलं हाये!" लग्नानंतर महिनाभराने सुनेनेच सांगितलं. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. म्हणाली, "मामाजी, रागावू नका. आमचा कारखाना दोन वर्षांपासून बंद हाये. त्या दिवशी बाबांनी जुन्या कारागिरांना जेवायले बोलावलं होतं. ते पाण्याच्या फुटक्या पितळी गुंडावर हातोडे मारत होते." मग तिने विचारलं, "तुमचा धूर कायचा होता?"

मी सांगितलं. ती, मुलगा, ही, सगळे पोट धरून हसले. व्याह्यांना फोन लावला, तेही हसले. आता दोन्ही घरांत हा किस्सा पाहुण्यांना सांगतात. कोणाचं काही गेलं नाही. मुलगा आणि सून दोघं मिळून बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतात, बरं चाललंय. किस्सा सांगताना फाटकावरच्या बाया येतात, त्यांना पाहून व्याही कसे खूश झाले तेही येतं. त्या बाया कुठून आल्या होत्या, हे आजवर कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ती लग्नाला आली होती. एकटीच. चौघी आल्या नाहीत, का ते मी विचारलं नाही. वाढताना मी तिच्या पंगतीत गेलो. तिने पत्रावळीवर हात आडवा धरून वर पाहिलं.

"बाबूजी, पार्ट आला का जी?"

मी तिच्या पानात बुंदी वाढली. नको म्हणत असताना दोनदा वाढली.

त्या हिवाळ्यात दुसरी गाडी आली नाही. तलाव खोदायचं सरकारी कामही निघालं नाही. हे मला कळत गेलं, कोणी मुद्दाम सांगितलं नाही. तिची मुलगी बारावीत होती. तिने परीक्षा दिली नाही, नागपूरला एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. तिथे तिच्याच वयाच्या मुली शिकतात, ही त्यांच्या पोळ्या लाटते. हे मला मिस्त्रीने रिक्षात सांगितलं. तो आता हसत नव्हता. म्हणाला, "बाबूजी, भुसा मी पेटवला. पन राहा म्हनून मी नाही सांगतलं." खरं होतं.

यंदा दिवाळीनंतर ती स्वतःच मला रेशनच्या दुकानात भेटली. तिचं माहेर तुमसरचं, म्हाताऱ्या आईचं कार्ड घेऊन आली होती. रांगेत होती. मला पाहून रांग सोडून आली आणि तेच विचारलं.

"पार्टचं काही कळलं का जी?"

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. टोमणा असता तर मी ऐकून घेतला असता आणि सुटलो असतो. ती खरंच विचारत होती. अकरा महिने ती त्या पार्टची वाट पाहत होती.

मी तिला दुकानाच्या बाजूला नेलं आणि सांगितलं. चिमणी, झडप, पोती, मावसाजी, सगळं. ती ऐकत होती. मध्ये एकदा हसलीही, मिस्त्रीच्या भागात.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं? आठ वाजेपावतर गाडी उभी होती. मी पळत गेली असती."

मी म्हणालो, "मुलाची सोयरीक..."

"अवं सोयरीक कराची होती त मले सांगाचं. मी बसली असती फाटकापाशी, दिवसभर. चौघीले गाडीत जाऊ दिलं असतं. माह्या एकटीनं नसतं जमलं का तुमचं काम?"

माझ्या डोक्यात हा विचारच आला नव्हता की तिला विचारता येतं.

"माफ कर," मी म्हणालो.

"मले नका म्हनू. मले काय करू त्याचं?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्या चौघी माह्याशी बोलत नाहीत. म्हनते, हिनं सपन पाह्यलं धुराचं आन आमाले गाडीतून उतरवलं. माही पोरगी बी तेच म्हनते. बाबूजीनं सांगतलं म्हनलं त म्हनते, बाबूजी कायले खोटं बोलन? यंदा गाडीत मले घेत नाहीत. तुमी गावात या. त्यायले सांगा. मले सांगून काय होते?"

बाबूजी कायले खोटं बोलन. माझा असा लौकिक होता, आणि त्याचा भार ती वाहत होती.

जायला मला दहा दिवस लागले. दोनदा बसस्टँडवरून परत आलो. मुलाला वाटलं झेरॉक्सच्या कागदासाठी आलो. शेवटी एका शुक्रवारी गेलो.

समाजमंदिराच्या पायरीवर चौघी लाखोरीची भाजी निवडत बसल्या होत्या. ती समोर बोरिंगजवळ उभी राहिली, जवळ आली नाही. मी पायरीपाशी जाऊन बोलायला सुरुवात केली. हळू बोललो, नेहमीसारखं. मान खाली. माझं संपलं तेव्हा तिघींचे हात थांबले होते. चौथी, सगळ्यांत म्हातारी, भाजी निवडतच होती.

एकजण म्हणाली, "इले ऐकू नाही गेलं. भरडाईच्या मशीनजवळ होती ना, कान गेले तिचे. मोठ्यानं सांगा."

"तुम्ही सांगा तिला," मी म्हणालो.

"काहून? खोटं तुमी बोलले, आमी कायले घसा फाडाचा?"

मी पुन्हा सुरू केलं. "अजून मोठ्यानं," ती म्हणाली. मी आवाज चढवला. म्हातारीने कानामागे हात धरला आणि मान हलवली, नाही. मग मी ओरडलो. धूर खोटा होता! मिल बंदच होती! हिने मला विचारलं, मी राहा म्हणून सांगितलं! हिची चूक नाही!

समोरच्या घराच्या माळवदावर वाळत घातलेले कपडे काढणारा एक माणूस वाकून म्हणाला, "कोन मेलं गा?" किराणा दुकानातून दोघं बाहेर आले. त्यांना पुन्हा सांगावं लागलं. एकाने विचारलं, लग्न टिकलं ना? मी म्हणालो, टिकलं. तो म्हणाला, मंग बरं हाये.

म्हातारीने आता भाजी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, मग बोरिंगकडे. बहिरी माणसं बोलतात तशी ती सगळ्या गावाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाली, "मंग आपुन हिले वर्सभर कायले शिव्या देल्या वो?"

एकीने सूप सरकवून पायरीवर थोडी जागा केली. ती बोरिंगपासून आली, पण बसली नाही. उभ्यानेच भाजीची एक जुडी उचलली आणि देठं तोडायला लागली.

"गाडी कधी येते यंदा?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"मी येतो."

"ये ना मंग. तुले कोन नाही म्हनलं?" वर्षभर नाही म्हणणारीच हे बोलली.

मी जायला निघालो. तिने मागून हाक मारली.

"बाबूजी. सोमवारी सकारी तिकडं काही पेटवू नका जी."

चौघी हसल्या, माळवदावरचा माणूसही हसला. ती देठं तोडत होती.